पांढरी पाचच्या जरा वर

नागपूरच्या उन्हाळ्याचा आवाज कूलरचा असतो. मार्च संपता संपता नव्या ताट्या लावून कूलर खिडकीला बसतो आणि मृगाचा दमदार पाऊस होईपर्यंत त्याची घरघर थांबत नाही. दोन-अडीच महिने आपण त्या घरघरीच्या वर आवाज चढवून बोलतो, टीव्ही मोठा लावतो, आणि आपण असं करतोय हेही विसरून जातो. मग एका संध्याकाळी पाऊस कोसळतो, कोणीतरी उठून कूलरचं बटण बंद करतं, आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागतं. शेजारच्या कुकरची शिट्टी, नळाचं टपटपणं, सगळं एकदम जवळ येतं.

अशाच एका जूनमध्ये बाईंचा फोन आला. “काल कूलर बंद केला. अगं, तंबोऱ्यात कुणीतरी कण्हतंय.”

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत, जुन्या घराच्या माडीवर त्या शिकवतात. नऊ वर्षांची असताना मी त्यांच्याकडे जायला लागले आणि दहावी झाल्यावर सोडलं. तंबोरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी. ती १९९४ साली आली तेव्हा मी तिथेच होते. त्याआधी मिरजेच्या दोन तंबोऱ्यांवर सगळं चालायचं. पण ते छेडायला कोणीतरी बसावं लागे आणि आम्हा मुलींना तेवढा धीर नसायचा. बाईंनी बरेच दिवस विचार करून पेटी घेतली. मिरजेचे तंबोरे तेव्हापासून गवसणीत कोपऱ्यात उभे आहेत. पेटीला मात्र सुटी नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, सणवार असो की नवतपा.

मी १९९५ साली नागपूरच्याच सदर भागातल्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला. पुढे नोकरी हिशेबाच्या खात्यात लागली आणि सोल्डरिंग आयर्न माळ्यावर गेलं. तरी बाईंच्या लेखी मी ‘वायरी कळणारी मुलगी’च राहिले. फोन मलाच येणार होता.

त्या रविवारी गेले. बाईंनी पेटी लावली, सूर काळी चारवर, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या सुरावर, ठेवला. मला मंद घुं ऐकू आलं, पण त्यांच्या कपाळावर जेवढी आठी होती तेवढं काही मला जाणवत नव्हतं. “मी काय ऐकून राहिले ते तुला ऐकू येतं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते अर्धंच खरं होतं.

पेटीचे चार स्क्रू काढले. आत तपकिरी रंगाचा जुना बोर्ड, एकाच बाजूला तांब्याच्या पट्ट्या असलेला. एका कडेला ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढ्यात चार डायोड, मग एक मोठा निळा कंडेन्सर, पुढे सूर तयार करणाऱ्या आयसी, म्हणजे चिपा, आणि टोकाला स्पीकरचा अँप्लिफायर. कंडेन्सर हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पुस्तकात आम्ही धारित्र शिकलो, सरांनी कॅपॅसिटर शिकवलं, पण पंखा मंद झाला की अख्खं नागपूर ‘कंडेन्सर गेला’ असंच म्हणतं. त्या शब्दाला मोठी वंशावळ आहे. व्होल्टाने १७८२ साली वीज साठवणाऱ्या आपल्या उपकरणाला ‘कोंडेन्सातोरे’ म्हटलं. इंग्रजीने पुढे नाव बदललं, आपल्या दुकानदारांनी व्होल्टाचं ठेवलं. मला ते आवडतं.

बिघडलेला कंडेन्सर ओळखायचा कसा, हे आजकाल सगळ्यांना ठाऊक आहे असं वाटतं: डोकं फुगलेलं दिसतं. २००० च्या आसपास बनलेल्या कित्येक संगणकांच्या मदरबोर्डांवर तसे कंडेन्सर निघाले. आतल्या द्रवाचं मिश्रण चुकलं होतं, त्यातून वायू तयार व्हायचा आणि डब्याचं झाकण वर यायचं. झाकणावर फुलीसारखी खाच असते ती त्यासाठीच, दाब वाढला तर तिथून फाटावं म्हणून. आमच्या ऑफिसातले दोन संगणक मी तसे मरताना पाहिले. तेच चित्र डोक्यात घेऊन मी बाईंच्या बोर्डकडे पाहत होते.

फुगलेला एकही नव्हता. पण अँप्लिफायरच्या आयसीजवळच्या एका लहान कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, खरवडलेल्या गुळासारखं काहीतरी साचलं होतं. मी ठरवून टाकलं की हा गळला. सोबत आणलेल्या डबीत त्याच मापाचा होता. तो काढताना जुना डाख नीट वितळला नाही, मी घाईने ओढला आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी कागदासारखी सुटून आली. रेझिस्टरच्या पायाचा कापलेला तुकडा डाख देऊन पट्टीच्या जागी जोडला. पेटी लावली. घुं तसंच.

ते तपकिरी काय होतं ते नंतर कळलं. कारखान्यात कंडेन्सर हलू नये म्हणून बुडाशी गोंद लावतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो काळपटतो, आणि माझ्यासारख्यांना तो गळलेला द्रव वाटतो. गोंदही अगदी निरुपद्रवी नसतो, फार जुना झाला तर पट्ट्या खातो, म्हणून खरवडून टाकलेला बरा. पण त्या कंडेन्सरचा काही दोष नव्हता. मी एक चांगला कंडेन्सर फेकला होता आणि बाईंच्या पेटीतली एक धड पट्टी तोडली होती. याचं मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. तीस वर्षं कोणी हात न लावलेल्या वस्तूला हात लावताना आधी ऐकायला हवं होतं. बाई सांगत होत्याच.

कारण मी पेटी बंद करत असताना त्या म्हणाल्या, “काळी चारवर सा फार थरथरतो. पांढरी पाचवर उतरवला तर थरथर हळू होते. आणि पांढरी पाचच्या जरा वर एक जागा आहे, तिथं ती थांबते. पण ती जागाही एका ठिकाणी राहत नाही. सकाळी असते तिथून संध्याकाळी जरा खाली येते.”

मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट खुपली की तो तिच्याभोवतीच फिरत राहतो, असं मनात धरून घरी आले. तीन आठवडे काही केलं नाही.

एका रात्री झोप येत नव्हती आणि ‘पांढरी पाचच्या जरा वर’ हे शब्द आले. पांढरी पाच म्हणजे सेकंदाला १९६ कंपनं. काळी चार म्हणजे जवळजवळ २०८. दोन सूर एकमेकांच्या जवळ पण वेगळे असले की त्यांच्या फरकाइतक्या वेळा दर सेकंदाला आवाज लाटांसारखा कमी-जास्त होतो. तंबोरा जुळवणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. जोडीच्या, म्हणजे एकाच सा वर लावायच्या दोन तारा जुळत आल्या की ती लाट मंद होत जाते आणि जुळल्या की विरते. बाईंनी आयुष्यभर दुसरं केलं काय? त्यांनी पेटीतल्या कण्हण्याशी तेच केलं होतं. खुंटी फिरवत फिरवत लाट विरेल ती जागा शोधली होती. पांढरी पाच ते काळी चार या अंतरात साधारण एक तृतीयांश वर चढलं की २०० येतं.

मी अंथरुणात उठून बसले.

भिंतीतल्या प्लगमधली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. चार डायोडचा पूल त्यातला उलटा हेलकावा सुलटा करून देतो, म्हणून त्याच्यापुढे दर सेकंदाला १०० उंचवटे येतात. १०० चं दुप्पट २००, आणि अशा घुंमध्ये तो दुपटीचा सूरही मिसळलेला असतो. खर्जाच्या, म्हणजे सा च्या निम्म्या कंपनांच्या तारेशी शंभराचा झगडा, जोडीच्या तारांशी दोनशेचा. काळी चारवर खर्ज जवळपास १०४ वर असतो, म्हणजे तिथे सेकंदाला चार हेलकावे आणि जोडीवर जवळजवळ आठ. पांढरी पाचवर ते निम्मे होतात. बाईंनी ‘थरथर हळू होते’ म्हटलं ते आकड्यासकट खरं होतं.

आणि ती सरकणारी जागा? देशभरातली वीजकेंद्रं एकाच जाळ्यात जोडलेली आहेत. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं जाळंही उर्वरित भारताला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, सेकंदाला ५०, आणि देशातल्या दुसऱ्या टोकाचं टर्बाइनही त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून फिरतं. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की हा ठेका किंचित मंदावतो. तो ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये राखायचा असा नियम आहे. म्हणजे बाईंच्या त्या जागेला १९९.६ ते २००.२ एवढीच सरकायला वाव. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा देशाचा सूर केसभर उतरतो, आणि महालातल्या माडीवर ऐंशीच्या घरातल्या एका गायिकेला तो ऐकू येत होता. मी त्या तक्रारीला म्हातारपणची भुणभुण समजले होते.

आता दोष कुठे शोधायचा ते उघड होतं. घुं जर ५० चं असतं तर एखादी वायर जवळून वीज पकडते आहे, असा संशय घेतला असता. १०० चं आहे म्हणजे डायोडच्या पुलानंतरचे उंचवटे सपाट करायचं ज्याचं काम, तो निळा मोठा कंडेन्सर. त्याचं काम टाकीचं. नळ येतो आणि जातो, पण टाकी भरलेली असली की घरातली धार तुटत नाही. इथे नळ सेकंदाला १०० वेळा येतो. टाकी लहान झाली तर प्रत्येक खेपेच्या मध्ये धार बारीक होते आणि ती बारीक होणारी धार म्हणजेच ते कण्हणं.

ही टाकी लहान का होते, याचं उत्तर नागपूरकराला माठावरून कळावं. अशा कंडेन्सरच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजलेला कागद अशी गुंडाळी असते. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच दोन बाजूंना वेगळं ठेवतो. डब्याचं तोंड रबरी बुचाने बंद केलेलं असतं, पण रबरातूनही वाफ वर्षानुवर्षं निसटत राहते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. कंडेन्सर पाझरला की आतला कागद सुकतो आणि त्याची साठवण घटते. बाहेरून काहीही दिसत नाही. डोकं सपाट, रंग तोच, अक्षरं स्वच्छ.

उष्णता हे सगळं भराभर करते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं तर आयुष्य दुप्पट, वाढलं तर निम्मं. ८५ अंशांना २,००० तास टिकेल असा कंडेन्सर ५५ अंशांना १६,००० तास टिकावा, ४५ ला ३२,०००. मेमध्ये आपल्याकडे खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, त्यात पेटी लाकडी, बंद, आणि आत ट्रान्सफॉर्मर तापलेला. रोज चार तास धरून ३० वर्षांचे होतात ४३,८०० तास. या हिशेबाने तो कधीच जायला हवा होता. तो राहिला. मला त्या निळ्या डबीबद्दल आदर वाटला.

शनिवारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले, मोदी नंबर तीन नावाच्या गल्लीत. बोळकंडीएवढं दुकान, छताला टांगलेल्या रिमोटच्या माळा, काचेखाली कंडेन्सरांचे खण. “हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट,” मी म्हटलं. “ताई, पच्चीस का खतम है. पैंतीस का ले जाओ, चलेगा.” चालतो, खरंच चालतो. मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणीचं माप, तेवढेच ठेवायचे, व्होल्ट मात्र जास्त असलेले बरेच, कमी कधीच नाही. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमागे पूल जोडला की कंडेन्सरवर साधारण साडेपंधरा येतात, म्हणजे ३५ ला भरपूर जागा. मी १०५ अंशांचा मागितला. त्याने दोन खण उपसून दिला. पंधरा रुपये.

रविवारी पुन्हा माडीवर. या वेळी घाई केली नाही. आधी पेटीचा आवाज अगदी शून्य केला. तंबोरा गप्प झाला, घुं राहिलं. म्हणजे ते आवाजाच्या खुंटीच्या पुढून येत होतं, सुरांबरोबर नाही. मग शेजारच्या मुलाच्या स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी मागून आणली, प्लग काढून ठेवला आणि बॅटरीच्या दोन वायरी कंडेन्सरच्या पायांना जोडल्या. बॅटरीच्या विजेला उंचवटे नसतात. तंबोरा वाजला, स्वच्छ. बाई खिडकीत बसल्या होत्या, त्यांनी एकदम वळून पाहिलं. मी म्हटलं, “थांबा, अजून झालं नाही.”

बॅटरी काढली. कंडेन्सरमध्ये उरलेला भार एका रेझिस्टरमधून उतरू दिला. इथे व्होल्ट थोडेच होते, पण जुन्या वाल्व्हच्या रेडिओत किंवा आजच्या टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये तीनशेच्या आसपास किंवा वरही असू शकतात आणि प्लग काढल्यावरही ते थांबून राहतात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय अनेकांना असते, ती चांगली नाही. मग मोबाइलवर फोटो काढला. कंडेन्सरच्या अंगावरची उभी पट्टी ऋण बाजू सांगते आणि ती कुठल्या दिशेला होती हे काढल्यावर आठवत नाही. उलटा बसवला तर ऑक्साइडचा थर मोडतो, कंडेन्सर तापतो आणि फुटू शकतो.

जुन्या डाखावर आधी थोडा नवा डाख वितळवला. ऐकायला विचित्र वाटतं, काढायचं असताना भरायचं कशाला, पण तीस वर्षांचा डाख कोरडा झालेला असतो, नव्यातली राळ त्याला पुन्हा वाहता करते. मग पंपाने ओढून घेतला. एकदा, दोनदा. कंडेन्सर बोटाने हलवला तर सैल वाटला, ओढावा लागला नाही. हातात आला तेव्हा अंगठ्याएवढा होता. नवा त्याच्यापेक्षा बराच बारीक निघाला, पाय बोर्डच्या भोकांपर्यंत पोचावेत म्हणून जरा फाकवावे लागले. पट्टी ऋणाकडे. डाख दिला, तो पाण्याच्या थेंबासारखा पसरून चकाकला, उरलेले पाय कापले. गेल्या वेळी तोडलेल्या पट्टीवरचा जोडही पुन्हा नीट केला.

जुना मीटरवर लावून पाहिला. अंगावर १०००, मीटरवर १७८. पेटी एक दशांश अँपिअर खाते असं धरलं तर भरल्या टाकीत दर खेपेला एक व्होल्टचा खळगा पडेल, या सुकलेल्या टाकीत साडेपाचाचा. बाईंना तो कण्हणं म्हणून ऐकू येत होता.

पेटी लावली. बाई येऊन समोर बसल्या. काळी चारवर क्षणभर ऐकलं आणि काही न बोलता खुंटी खाली नेली, पांढरी पाचपर्यंत. मग अगदी सावकाश वर. त्या आपली ती जागा शोधत होत्या. ती ओलांडली, परत खाली आल्या, पुन्हा ओलांडली. तिसऱ्यांदा जाताना त्यांचं बोट खुंटीवर मध्येच थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

“गेलं,” त्या म्हणाल्या.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. मी हत्यारं पिशवीत भरायला लागले. बाईंनी सूर काळी चारवर नेऊन ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “सा लाव.”

मी म्हटलं, बाई, तीस वर्षं झाली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली, मांडी घातली आणि सा लावला. बाईंनी डोळे उघडले नाहीत. मांडीवरचं त्यांचं बोट किंचित वर झालं, आणि मी सूर वर नेऊ लागले.